लाल पट्टीच्या पलीकडचा खिळा

शुक्रवारी कादंबरी संपादकांच्या हातात पडायला हवी होती आणि बुधवार दुपारपर्यंत माझं एकोणिसावं प्रकरण जागेवर बसायला तयार नव्हतं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. मधल्या वेळात दोनदा फरशी पुसली, पुस्तकं उंचीनुसार लावली आणि काही कारण नसताना नवऱ्यावर खेकसले. तो म्हणाला, "आजीकडे जाऊन ये. माझं डोकं खाण्यापेक्षा तिचं खा." त्याचं म्हणणं बरोबर असलं की मला जास्तच राग येतो. तरी गेले.

आजी म्हणजे माझ्या आईची मावशी, वय चौऱ्याण्णव. युद्धाच्या काळात, एकोणिसाव्या वर्षी, ती कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरायची आणि त्याच कारखान्याच्या बायकांच्या फुटबॉल संघात गोलकीपर होती. पुरुष आघाडीवर, मैदानं रिकामी, म्हणून बायका खेळल्या आणि लोक बघायला लोटले. संघात तिचं नाव 'भिंत'. अंतिम सामन्यात तिने पेनल्टी अडवली आणि चषक कारखान्याकडे आला. आमच्या घरातलं प्रत्येक मूल ही गोष्ट ऐकून मोठं झालंय. माझी कादंबरीही त्या पेनल्टीवरच संपते.

अडत होतं ते त्याच्या आधीचं प्रकरण. संघात डाव्या बाजूने धावणारी एक मुलगी होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी पळायची, म्हणून नाव भिंगरी. सामन्याच्या चार दिवस आधी दारू भरायच्या शेडमध्ये बुटाचा एक खिळा सापडला. तिथे लोखंड न्यायला सक्त मनाई, कारण एक ठिणगी उडाली तरी सगळ्यांचा निकाल लागला असता. भिंगरीच्या फुटबॉलच्या बुटाला नेमका एक खिळा कमी निघाला. चौकशीचा कागद मी मिळवला होता. त्यात तिचं एकच वाक्य आहे, 'खिळा माझाच आहे.' तीन महिने तुरुंगवास झाला, नोकरी गेली, खेळ कायमचा सुटला. मी तिला धांदरट करून टाकलं. गोष्टीला ते सोयीचं होतं.

आजी खिडकीशी खुर्चीत बसली होती. मी तिच्यासमोर वही उघडून प्रकरण वाचायला घेतलं. 'घाईघाईत भिंगरी धावतच शेडच्या दाराशी आखलेली लाल पट्टी ओलांडून आत शिरली.'

"चूक," आजी म्हणाली. "पट्टीवरून धावत कुणी जात नसे. तिथे बाक होता. अलीकडे बसून आपले बूट काढायचे, पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि तिकडचे बिनखिळ्याचे बूट घालायचे. कपडेही तिकडचे. मोजे तेवढे आपले. तपासणारी बाई केस बघायची, खिसे बघायची, मग आत."

"मग धांदरटपणा झाला कुठे?"

"भिंगरी धांदरट? बूट जोडीने लावून ठेवायची ती. फेकायचे मी."

"मग खिळा आत गेला कसा, आजी? तेच तर मला लिहिता येत नाहीये."

पांघरुणाखाली आजीचा उजवा पाय हलायला लागला. खिडकी लाव म्हणाली, लावली. उघड म्हणाली, उघडली. पाणी मागितलं आणि प्यायली नाही. अशीच चुळबुळ मी सकाळपासून स्वतःच करत होते.

"जेवणाच्या सुट्टीत आम्ही अर्धा तास सराव करायचो," ती म्हणाली. "बुटांचे खिळे गळायचे. बाकीच्यांचं ठीक, त्या उभ्या. मला जमिनीवर झेप घ्यायची असायची. दोनदा खिळा कोपरात घुसला. म्हणून चेंडू पलीकडे गेला की मी गोलसमोरचे खिळे वेचायचे. युद्धात खिळासुद्धा मिळत नव्हता, टाकणार कोण? मोज्यात खोचायचे आणि नंतर जिचे तिला द्यायचे."

मी वही मिटली.

"त्या दिवशी एक द्यायचा राहिला," आजी म्हणाली.

"भिंगरीला माहीत होतं?"

"मी उचलला तेव्हा तिनेच लांबून सांगितलं होतं, भिंत, तो माझा, ठेव तुझ्याकडे."

मला राग आला. आधी तिचा आला. पंचाहत्तर वर्षं ही बाई आमच्याकडून टाळ्या घेत बसली होती. मग स्वतःचा आला. तिच्या हातून निदान तेव्हा खरोखर गुन्हा घडला होता. मी तर नुसत्या सोयीसाठी त्या मुलीला दुसऱ्यांदा तुरुंगात टाकत होते, तेही छापून.

"ती बोलली का नाही मग?"

"संघात डावीकडून पळणाऱ्या तीन होत्या. गोलकीपर मी एकटीच." आजीने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "सुटली त्या दिवशी मी तुरुंगाच्या दाराशी गेले होते. माफी मागायची म्हणून रात्रभर पाठ केलं होतं. तिने बघितलं आणि आधी विचारलं, जिंकलात का. मी म्हटलं, एक-शून्य. म्हणाली, मग झालं तर. आणि गेली. पाठ केलेलं तसंच राहिलं. पुन्हा कधी दिसली नाही."

"मी काय करू आता?" मी विचारलं. "हे लिहिलं तर पेनल्टीचं प्रकरण कुणी टाळ्या वाजवत वाचणार नाही. घरातले तुला..."

"वही उघड. चौकशीला आम्हाला रांगेत उभं केलं होतं. मी चौथी. साहेबांनी एकेकीला विचारलं, तुला काही माहीत आहे का. भिंगरी समोर उभी होती, खाली बघत. लिहितेस ना?"

"लिहितेय."

"माझी पाळी आली. मी म्हटलं, नाही साहेब. एवढंच लिही. मी घाबरले होते, लहान होते, असलं काही घालू नकोस. आणि नाव भिंतच ठेव, बदलू नकोस."

मी लिहिलं.

"वाच."

मी वाचलं, "'चौथी भिंत होती. ती म्हणाली, नाही साहेब.'"

आजीचा पाय थांबला नव्हता. तिने हात पुढे करून वहीवर ठेवला.

"परत वाच," ती म्हणाली. "जरा मोठ्याने."