मुका उठायचो तेव्हा

मी एक जुना लॅपटॉप बोलतोय. बोलतोय हेच नवल, कारण एके काळी झोपून उठलो की माझी वाचाच जायची.

दादानं मला हौसेनं घेतलं आणि नवा मिळताच धाकट्या बहिणीच्या गळ्यात मारलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. झाकण मिटून उघडलं की माझ्यातून गाणं नाही, घंटी नाही. "भंगारात दे," दादा म्हणाला. तिला पटेना.

त्या घरातलं बोलणंही तेव्हा आटलं होतं. आई गेल्यापासून बाबा आणि ती एकाच टेबलावर जेवायचे, पण "मीठ दे"च्या पलीकडे शब्द नाही.

शोधता शोधता तिला कळलं, की माझ्यातल्या यंत्राला कामाला लावणारा जो मूळ प्रोग्राम आहे, कर्नल, त्याचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. दुरुस्ती कुणीही सुचवावी.

"कुणीही म्हणजे मीसुद्धा?" ती पुटपुटली.

माझ्याच कंपनीच्या दुसऱ्या एका लॅपटॉपला, माझ्या भावंडालाही, हाच आजार होता. त्याच्यावरचा उपाय तिला सापडला. त्याच्याखाली तिनं माझ्यासाठी एक ओळ जोडली आणि त्या ओळीसकट कर्नल नव्यानं तयार करायला घेतला. माझा पंखा धापा टाकू लागला.

"ह्याला दमा झाला की काय?" बाबांनी विचारलं. ती हसली. कितीतरी दिवसांनी!

मग तिनं मला झोपवलं, उठवलं, आणि मी चक्क वाजलो.

तिनं दुरुस्ती कर्नल सांभाळणाऱ्यांच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या यादीवर ईमेलनं पाठवली. उत्तर आलं: 'बदल बरोबर आहे. पण मांडणी नियमांत बसत नाही, आणि तो का हवा तेही लिहिलेलं नाही. पुन्हा पाठवा.'

तिनं मला धाडकन मिटलं. "चारचौघांत शोभा झाली, बाबा."

बाबांनी छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली होती. "अगं, खुणा करून परत आलेलं प्रूफ म्हणजे अपमान नसतो. कुणीतरी नीट वाचलंय, एवढाच त्याचा अर्थ. आण इकडे."

चष्मा नाकावर घेऊन ते माझ्यासमोर बसले. "इथे ओळ संपल्यावरही कर्सर पुढे जातोय बघ. मोकळी जागा राहिलीय. आणि 'आवाज दुरुस्त केला' म्हणजे काय? कुणाचा, कधी जायचा, का जायचा? परक्या माणसाला कसं कळणार?"

दोघं भांडत, खोडत, लिहीत राहिले. चहा गार झाला. दुरुस्ती गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी दोनच शब्द आले: 'घेतली. आभार.'

बाबांनी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. "म्हणजे नोकरी लागली का?" काकूंनी विचारलं.

"त्याहून मोठं!" बाबा म्हणाले. नक्की काय ते त्यांनाही सांगता येईना.

आता बाबा नाहीत. माझी बिजागरी तुटली, बॅटरी फुगली. तिच्या नव्या लॅपटॉपवर नवख्यांच्या दुरुस्त्या येतात, त्या ती वाचते. आज मात्र ती स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यापाशी बसलीय. माझे धड भाग कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

माझी तक्रार नाही, पोरी. फक्त घाई करू नकोस. ह्या टेबलावर आपण तिघं बसायचो, ते आठवणारे आता आपण दोघंच उरलोय.