बोटांचा बायोडाटा

प्रेमानंद तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठला, खिडकीशी गेला आणि परत आला. त्याचा बायोडाटा मोबाइलवर लिहीत बसलेल्या पायलनं मान वर केली.

"एका जागी बसा नं जी बाबा. मले काही सुचून नाही राहिलं."

"तू लिही वं. मी आयकून राहिलो."

लिहायचं तरी काय? गांधीबागेतल्या एका कापड दुकानात सव्वीस वर्षं. दिवाळीनंतर शेठनं दुकानच बंद केलं आणि नोकरीच्या रकान्यात एकुलती एक ओळ उरली. वय बावन्न. उद्या दहा वाजता कपड्यांच्या कारखान्यात माल तपासण्याच्या कामासाठी मुलाखत होती. तिथं पंचविशीतली पोरं असणार, या विचारानं तो सकाळपासून एका जागी टिकत नव्हता. म्हणून पायलनं नोकरीचा रकाना खाली नेला आणि कौशल्यं वर घेतली.

"तुमाले काय येते, ते सांगा."

"कापडातला दोष सापडते मले. डोळे मिटून बी."

"असं सगळेच म्हणतात. उद्या त्याईनं करून दाखवा म्हटलं तर?"

प्रेमानंद चिडून खुर्चीत बसला. त्याची बायको तारा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. कपाटातली निळी साडी काढून तिनं त्याच्या मांडीवर ठेवली. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा 'एक नंबर माल' म्हणून त्यानं ती मोठ्या तोऱ्यात आणली होती. सणासुदीला तारा हीच नेसायची.

"मिटा डोळे," ती म्हणाली.

त्यानं मिटले. बोटं पदरावरून निघाली, काठानं सरकत गेली आणि निऱ्यांच्या जागी थबकली. वीतभर धागा सुटला होता. त्याला हे ठाऊकच होतं. दुकानातल्या सदोष मालाच्या ढिगातूनच त्यानं ती उचलली होती. उद्याची नोकरी हुकली तर हुकू दे, पण तारासमोर हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं? बोटं घाईघाईनं पुढं गेली.

"काही नाही. साफ आहे." त्याचे कान तापले होते.

"मंग दोष सापडायची ही ओळ ठेवू का काढू?" पायलनं विचारलं.

तारानं साडी उचलली. निऱ्यांची ती जागा बरोबर आत जाईल अशी घडी घातली.

"ठेव वं," ती म्हणाली. "सापडला त्याईले."