झाकलेला काटा

निघोजे गावच्या मंदिरासमोर त्या रविवारी सकाळी सात वाजता शे-सव्वाशे माणसे एका पांढऱ्या गाडीभोवती उभी होती. बॉनेट उघडे होते. बॅटरीवर झेंडूची माळ होती, इंजिनाला गंध लावलेले होते. कपाळावर जुना व्रण असलेल्या अवधूतमहाराजांनी तांब्याच्या कलशातले तीर्थ इंजिनाशेजारच्या प्लास्टिकच्या टाकीत ओतले, झाकण घट्ट फिरवले आणि दोन्ही हात वर केले.

"चालू कर, बाळा. यंत्राची नाभी तृप्त झाली!"

गाडीचा मालक आणि चालक गुरुदत्त याने किल्ली फिरवली. आरती सुरू झाली. ती वीस मिनिटे चालली. मी घड्याळ लावले होते. मग महाराजांनी गुरुदत्तच्या आईला, कुसुमताईंना, पुढच्या सीटवर बसवले आणि हीटरच्या जाळीसमोर हात धरायला सांगितले.

"काय लागतं हाताला, माते?"

"ऊन," कुसुमताई पुटपुटल्या. मग त्यांचा आवाज फुटला. "ऊन हाय! बाई गं, ऊन वारं हाय!"

"मालोजींचा प्रेतश्वास निमाला! कंपन उलटलं, ऊर्जा सुलटली!" महाराज गरजले.

लोकांनी जयजयकार केला. शेजारी उभे असलेले हिंदुराव माझ्याकडे वळले. ते गावातले जुने शेतकरी. आता त्यांच्या शेतात गोदामे आहेत. "काय मॅडम, तुमचं सायन्स काय म्हन्तंय आता? का त्येला बी थंडी वाजली?"

माझे सायन्स काय म्हणत होते ते सांगण्याआधी मागचे सांगायला हवे.

मी महाळुंग्याच्या एका कारखान्यात मापन प्रयोगशाळा सांभाळते. तापमापक खरे बोलतात की नाही हे तपासणे माझे काम. गुरुदत्तची गाडी आमच्या कंपनीच्या करारावर आहे. तो रोज मला चिंचवड स्टेशनहून नेतो; त्या ओळखीनेच रविवारी मलाही बोलावणे होते. ही गाडी त्याच्या वडिलांनी, मालोजींनी, स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेतून घेतली. मागच्या डिसेंबरात कारखान्याच्या फाटकाबाहेर, शिफ्ट सुटायची वाट पाहत, ते याच गाडीत चालकाच्या जागेवर हृदयविकाराने गेले. तेव्हापासून घर चालते ते या गाडीवर, आणि गाडी चालते ती गुरुदत्तवर.

यंदाच्या डिसेंबरात एका सकाळी मला हुडहुडी भरली आणि मीच म्हणाले, "गुरुदत्त, हीटर लाव ना." त्याने लावला. अर्धा तास गाडी धावली, पण जाळीतून आली ती थंडगार हवा. घरी त्याने हे सहज सांगितले. कुसुमताईंनी पंचांग पाहिले. मालोजींच्या वर्षश्राद्धाला चार दिवस उरले होते.

या योगायोगाने गाव हादरले; थंड हवा म्हणजे मालोजींचा श्वास, असे ठरले आणि अवधूतमहाराजांना बोलावणे गेले. वास्तविक त्यात योगायोग नव्हताच. आपल्याकडे गाडीचा हीटर वर्षातले दहा महिने कोणी लावत नाही. तो कधी बिघडला हे कळते ते डिसेंबरातच. आणि मालोजी गेले तेही डिसेंबरातच.

महाराजांनी तीन आज्ञा दिल्या. पहिली: तीर्थ द्यायचे ते भल्या सकाळी, "गाडी झोपेत असताना", जागी असताना नाभी उघडली तर अनर्थ होईल. दुसरी: चाळीस दिवस गाडीला मिस्त्रीचे लोखंड लागता कामा नये. तिसरी: ज्या काट्यात मृत्यू दिसतो तो काटा झाकायचा. त्यांनी स्वतःच्या हाताने पिवळ्या कागदावर काढलेले एक मंत्राचे यंत्र डॅशबोर्डवर चिकटवले, ते नेमके इंजिनाचे तापमान दाखवणाऱ्या काट्यावर. कुसुमताईंनी मुलाला गळ्याची शपथ घातली.

पहिली आज्ञा मला खटकली. ही आज्ञा मी आधी वाचलेली होती. ती त्या टाकीच्या झाकणावरच छापलेली असते: इंजिन तापलेले असताना उघडू नये.

सोमवारी गाडीत मी गुरुदत्तला समजावले. "हे बघ, हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरतं. तेच तापलेलं पाणी एका छोट्या जाळीतून जातं, आणि पंखा त्या जाळीवरून हवा ढकलतो. पाणी कमी झालं की जाळीत हवा अडकते आणि थंड वारा येतो. महाराजांनी पाणी भरलं, वीस मिनिटांत इंजिन तापलं, गरम हवा आली. आरती म्हटली नसती तरी आली असती."

"मग बरोबरच झालं की मॅडम. आली ना गरम हवा?"

"पण आधीचं पाणी गेलं कुठं? आज ना उद्या हेही जाईल. गॅरेजला दाखव."

त्याने गिअर बदलला. "मॅडम, आई आता रोज सकाळी गाडीत बसते. जाळीपुढं हात धरते आणि बाबांशी बोलते. वर्षभर नीट जेवत नव्हती, आता जेवते. तिला काय सांगू? पाण्याची गळती?"



नवव्या दिवशी हवा पुन्हा थंड झाली. महाराजांनी पुन्हा तीर्थ दिले. पुढच्या खेपेला मी महाराजांच्या आधी पोहोचले. गाडी गार होती. कुसुमताई आणि हिंदुराव यांच्यादेखत मी नळाचे पाणी टाकीत खुणेपर्यंत ओतले. मंत्र नाही, फूल नाही. इंजिन चालू करायला लावले आणि जाळीत तापमापक धरला. सुरुवातीला चौदा अंश. वीस मिनिटांनी पन्नास.

"बघा," मी म्हणाले. "साधं नळाचं पाणी."

हिंदुराव हसले. "अवो मॅडम, आतलं तीर्थ अजून हायच की! तुमचं पानी त्येच्यात मिसळलं आन् पवित्र झालं."

मी प्रयोगशाळेत पंधरा वर्षे काढली आहेत. जो दावा कोणत्याही निकालाने खोटा ठरू शकत नाही त्याच्यापुढे कोणतेही उपकरण चालत नाही. कुसुमताई मात्र वेगळेच म्हणाल्या. "तुजा जीव तुटतोय त्ये दिसतंय, पोरी. पर आमचं एवढंच ऱ्हायलंय. ऱ्हाऊ दे."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चाकण चौकाच्या अलीकडे आम्ही कोंडीत अडकलो. पुढे कंटेनरांची रांग होती. जाळीतून येणारी हवा हळूहळू कोमट झाली आणि मग एकदम गार.

गुरुदत्तने एक हात स्टिअरिंगवरून काढून कपाळाला लावला. "बाबा आले," तो म्हणाला आणि महाराजांनी दिलेला मंत्र पुटपुटू लागला.

तापलेल्या लोखंडाचा वास आला. "गुरुदत्त, गाडी बंद कर. आत्ता!"

"एवढा जप संपू द्या, मॅडम."

"ते यंत्र काढ. काटा बघू दे मला."

"आईची शपथ आहे."

मी हात पुढे केला. बोटे त्या पिवळ्या कागदापर्यंत पोहोचली होती. मग मी हात मागे घेतला. शपथ माझी नव्हती. तरीही मी ती पाळली, आणि का ते मला आजही उमगलेले नाही. रांग पुढे सरकली, गाडी कशीबशी पन्नास-साठ मीटर गेली, इंजिनातून करकर आवाज आला आणि ते थांबले. पुन्हा फिरले नाही.

चिंचवडच्या गॅरेजमध्ये मिस्त्री बुद्धरत्न यांनी एक नळी बोटाने हलवून दाखवली. हीटरकडे पाणी नेणाऱ्या नळीची पट्टी सैल होती. पाणी थेंबाथेंबाने गरम इंजिनावर पडायचे आणि तिथेच वाफ व्हायचे, म्हणून खाली कधी डाग दिसला नाही.

"आधी आणली असती भावा, तर पेचकसाचे दोन फेरे होते फक्त," ते म्हणाले. "आता पिस्टन चिकटलेत, इंजिनाचं वरचं झाकण, हेड, वाकलंय. हे इंजिन गेलं."

"पण हवा थंड येत होती ना?" गुरुदत्त काकुळतीने म्हणाला. "थंड! मग इंजिन तापलं कसं?"

"तापलं होतं म्हणूनच थंड येत होती. पाणीच नव्हतं, तर उष्णता आणणार कोण? ती थंड हवा म्हणजे इंजिनाची हाक होती." त्यांनी हात पुसले. "अवधूत म्हणालास ना? कपाळावर व्रण? पिंपरीत रेडिएटरच्या दुकानात सात वर्षं होता तो. त्याला हे पक्कं ठाऊक असणार. काटाही उगाच झाकला नाही त्यानं."

कुसुमताईही गुरुदत्तबरोबर गॅरेजमध्ये आल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "म्हंजी त्ये गाडीत नव्हतेच?"

"नाही, मावशी."

"येकदा बी न्हाई?"

"नाही."

"मंग मी रोज सकाळी कुनाशी बोलत हुते?"

कुसुमताई गाडीत शिरल्या आणि नखाने ते पिवळे यंत्र खरवडू लागल्या. कागद निघाला, डिंक राहिला. पदराने त्यांनी तोही पुसला. खालचा काटा शांतपणे शून्यावर पडला होता.

गावात या घटनेचा अर्थ लावून झाला आहे: मालोजींनी आपली गाडी आपल्यासोबत नेली. पुढच्या रविवारी मंदिरासमोर दुसरी गाडी उभी होती. कुसुमताई तिथे गेल्या आणि मालकाला म्हणाल्या, "बाबा, आदी त्येचं पानी कुटं जातंय त्ये बघ." लोकांनी त्यांना हाताला धरून सावलीत बसवले. दुःखाने माणूस असे बोलतो, असे हिंदुरावांनी मला समजावून सांगितले.

ज्यांना हात धरून बाजूला बसवणारे कोणी नाही, त्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. मेलेल्या माणसाची आठवण काढायला गाडी लागत नाही, आणि गाडी दुरुस्त करायला मेलेला माणूस लागत नाही. जो तुम्हाला काटा झाकायला सांगतो, त्याला काटा काय दाखवतो हे ठाऊक असते. त्याचे बोलणे संपायची वाट पाहू नका. हात पुढे करा आणि कागद काढा. मी काढला नाही.