चुलीमागची पाठमोरी मोटर

मित्रांनो, आधी मला अभिमनची तक्रार करू द्या, मग माझं नावगाव सांगते. घरी पाहुणा आला, की हा त्याला चहाच्या आधी स्वयंपाकघरात आणतो. कमरेवर हात ठेवतो, मान वर करून माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, हे आपल्या डोक्यातून निघालं. पाहुणाही बिचारा वर बघून मान हलवतो. पण इतक्या वेळा वर बघून अभिमनला माझ्या पात्यांवरचा काजळीचा थर कधी दिसला नाही. फडक्याला त्याचा हात कधी लागला नाही. आणि डोकं म्हणाल, तर ते कुणाचं होतं ते पुढे कळेलच.

मी एक जुनी मोटर आहे, कुलरमधली. मला पंखा म्हणू नका. पंखा छताला लटकतो आणि खाली कोण बसलंय हेही बघत नाही. मला तीन पाती आहेत, पण ते माझे दागिने. काम करते ती मी. माझ्या पाठीवर पत्र्याची एक पट्टी आहे, तिच्यावर माझ्याबद्दल काहीतरी लिहिलेलं आहे. मला वाचता येत नाही. चांगलंच लिहिलं असणार.

माझा जन्म जळगावचा. एका लहानशा कारखान्यात तांब्याची तार गुंडाळून मला तयार केलं. तिथल्या कारागिराने बटण दाबलं, माझ्यासमोर तळहात धरला, आणि दुसऱ्याला सांगितलं की हिचा आवाज कमी आणि वारा जास्त आहे. मग मला पत्र्याच्या पेटीत बसवलं, तिन्ही बाजूंनी गवताच्या जाळ्या लावल्या आणि मी एसटीच्या टपावर बसून धरणगावला आले. ते वर्ष शहाऐंशी की सत्त्याऐंशी, ते नानांना विचारा. नाना म्हणजे या घरचे कर्ते. त्यांनी मला पुढच्या खोलीत ठेवलं आणि माझ्यासमोर गादी टाकली.

आमच्या खानदेशातला मे महिना तुम्हाला ठाऊक आहेच. नळाच्या पाण्याने हात भाजतो, कावळा छपराखाली चोच उघडी टाकून बसतो. अशा दुपारी मी फिरू लागले, की नाना डोळे मिटून 'आहाहा' म्हणायचे. ज्यांना पाच मिनिटांचं काम असायचं ते पाहुणे ऊन उतरेपर्यंत उठायचे नाहीत. माझं कौतुक मी भरपूर ऐकलं. पण एक सांगते. हा सगळा वारा पुरुषांना. आतल्या खोलीत चुलीपुढे दोघी बसलेल्या असायच्या: भागाबाई, म्हणजे नानांची बायको, आणि तिची सून प्रमिला. अभिमन हा भागाबाईचा मुलगा, प्रमिलाचा नवरा. पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने त्या पुढे यायच्या, माझ्यासमोर क्षणभर पदर धरायच्या, चार घोट वारा घ्यायच्या आणि परत आत जायच्या. भागाबाईला मी अहोजाहो करत नाही. आम्ही दोघी एकाच घरात झिजलेल्या.

पुढे खाऱ्या पाण्याने पेटीचा पत्रा खाल्ला. एका दुपारी नानांच्या गादीखालून ओघळ निघाला आणि नाना ओल्या धोतराने उठले. पेटी भंगारात गेली. अभिमनने मला तेवढी काढून घेतली, मोटर चांगली आहे, कामात येईल, असं म्हणून माळ्यावर ठेवली. तिथे गेल्यावर कळलं, की कामात येईल असं तो सगळ्यांनाच म्हणतो. मोडका पाळणा, पाठ नसलेला रेडिओ, सायकलीचं चेनकव्हर, सगळे तिथे कामात यायची वाट बघत बसलेले. माझ्या पात्यांमध्ये कोळ्याने घर केलं. मी म्हटलं, राहा बाबा, मला तरी कोण फिरवतंय.

आता कानबाईची गोष्ट सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. श्रावणात आमच्याकडे कानबाईमाता बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि खापरावर पुरणाच्या पोळ्या होतात. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या पाठीवर हातभर रुंद पोळी भाजायची. गॅसच्या शेगडीवर ते बसत नाही, त्याला चूलच लागते. आणि चुलीला लागतात पऱ्हाट्या, कापसाच्या झाडाच्या वाळलेल्या काड्या. श्रावणात त्या वाळलेल्या कुठून राहणार? मी माळ्यावर असताना एका वर्षी पऱ्हाट्या सादळलेल्या होत्या आणि आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. सगळा धूर मधल्या खोलीत शिरला. चौरंगावरची देवी दिसेना. माणसं डोळे पुसत जेवली, आणि प्रमिला पुढचे आठ दिवस खोकत राहिली.

भागाबाईची धाकटी जाऊ मंजुळाबाई. तिचं गल्लीच्या टोकाला स्लॅबचं नवं घर. ती हात धुता धुता सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्का, देवीना बी डोया लाल व्हयनात. पुढला साल कानबाई मन्हा घर बसाडू."

देवीचेही डोळे लाल झाले, हे ऐकून भागाबाईने हातातला तांब्या खाली ठेवला. ते पाहून नानांना घाम फुटला. लग्न होऊन आल्यापासून तिने या घरातून कानबाई हलू दिली नव्हती. सासूने मरताना आधी चौरंग तिच्या हाती दिला होता, मग चाव्या. ती म्हणाली, की पुढच्या वर्षी या घरात कुणाच्या डोळ्याला पाणी आलं, तर मंजुळाने देवी खुशाल न्यावी. जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. आता शब्द मागे घेता येत नव्हता.

सण झाल्यावर भागाबाई खापर ठेवायला माळ्यावर चढली, तेव्हा तिला मी दिसले. तिने माझं एक पातं बोटाने ढकललं. इतक्या दिवसांनी कुणी हात लावला होता. मी पण मिजाशीत चांगले चार फेरे घेऊन दाखवले, कोळ्याची पर्वा केली नाही. तिने मला काखेत मारलं, खाली आणलं आणि अभिमनला सांगितलं, हिला चुलीमागच्या भिंतीत बसव.

अभिमन म्हणाला, "सकाय करसू." सकाय म्हणजे उद्या. त्याचा हा उद्या दिवाळीतून गेला, संक्रांतीतून गेला, होळीही ओलांडून गेला. शेवटी भागाबाईने काय केलं, तर जेवायच्या वेळी त्याच्या पाटावर मला बसवलं. म्हणाली, आधी हिला जागा दे, मग तुला मिळेल. नाना ताटात बघून हसले. त्याच दिवशी भिंतीला भोक पडलं. अभिमनने लाकडाची चौकट ठोकली, तारेची जाळी पेचांनी आवळली आणि मला आत बसवलं. तोंड घराकडे.

ते दिवस मसाल्याचे होते. भागाबाईने चुलीवर लाल मिरच्या भाजायला घेतल्या आणि अभिमनने ऐटीत बटण दाबलं. मित्रांनो, मी जीव तोडून फिरले. भिंतीमागच्या बोळातला वारा ओढला आणि सगळा चुलीवर फेकला. राख उडाली. मिरचीचा ठसका मधल्या खोलीतून पुढच्या खोलीत, तिथून ओट्यावर गेला. नाना एका हातात धोतर धरून रस्त्यावर आले. प्रमिलाला बोलता येईना. मंजुळाबाई गिरणीवरून पिठाचा डबा घेऊन चालली होती, तिने दारात थांबून विचारलं, देवी आजच नेऊ का?

भागाबाईने शिंका आवरल्या आणि म्हणाली, हिचं तोंड फिरव. पाठ घराकडे, तोंड बोळाकडे.

अभिमनला ते पटेना. वीज जाळायची आपण आणि वारा फेकायचा बोळात? आणि खरं सांगते, त्या वेळी मी त्याच्याच बाजूची होते. जन्मभर मी माणसांकडे तोंड करून राहिले. पाठ दाखवणारी बाई मी नव्हे. पण भागाबाईने सांडशी उचलली आणि माळ्यावरच्या खापराकडे रोखली.

"खापर पालथं घालतस तवयच पोयी व्हस. ते कधी रुसनं का?"

अभिमन पेचकस घेऊन आला.  त्याने पेच काढले आणि मला फिरवलं.

माझ्यासमोर आता काय होतं? बोळाची ओलसर भिंत आणि शेजारच्या झुलालची शेळी. मला फार वाईट वाटलं. मग बटण दाबलं गेलं. माझ्या पाठीला आच लागली, धूर माझ्या अंगावरून ओढला गेला आणि बोळात पडला. शेळी शिंकली आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी पाठीमागे कान लावला. मिरच्या तव्यावर तडतडत होत्या आणि प्रमिला भागाबाईला काहीतरी सांगून हसत होती. खोकत नव्हती. त्या दिवसापासून मी पाठीची लाज सोडून दिली.

रोज दोन्ही वेळा मी फिरू लागले. पाहुणे यायचे, अभिमन कमरेवर हात ठेवायचा. प्रमिला हात पोचेल तिथपर्यंत माझी पाठ पुसायची, पण पाती जाळीच्या आत आणि पेचकस अभिमनच्या कपाटात. धुरातलं काजळ आणि फोडणीतलं तेल मिळून असा चिकटा बसतो, की पात्यांचं वजन दुप्पट होतं. श्रावण लागला तेव्हा माझा आवाज घोगरा झाला होता. भागाबाईला तो ऐकू आला. तिने अभिमनला बजावलं, कानबाईच्या आधी हिची जाळी उघड, पुसून काढ, तेल घाल. तुम्ही ओळखलंच असेल तो काय म्हणाला.

कानबाईचा रविवार आला. घर माणसांनी भरलं. पऱ्हाट्या यंदाही सादळलेल्या, पण पहिल्या घाण्याला धुराची एक रेघ मधल्या खोलीत गेली नाही. देवी झेंडूच्या हारात लख्ख दिसत होती. अभिमन ओट्यावर मंडळी जमवून त्यांना माझी कथा सांगत होता. मंजुळाबाई चौरंगाजवळ बसली होती आणि सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

खापरावर पोळ्या रंगात आल्या आणि माझा दम संपला. चिकटा, वरून कोरडं पडलेलं अंग. मी जोर लावला, जोर लावला आणि थांबले. नुसती गुणगुणत राहिले. धूर माझ्यापर्यंत आला, क्षणभर घुटमळला आणि मागे वळला. मधल्या खोलीत कुणीतरी खाकरलं. मंजुळाबाईने पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने चौरंग किती जड आहे त्याचा अंदाज घेतला. बाई, तेवढी घाई.

भागाबाईने हाक मारली नाही, आरडाओरडा केला नाही. पुरणाची पोळी प्रमिलाच्या हातावर टाकली, बटण बंद केलं आणि स्टुलावर चढली. पेचकस कुठला मिळायला? तिने उलथन्याच्या टोकाने पेच फिरवले. जाळी निघाली. त्याच उलथन्याने तिने माझी पाती खरवडली, लुगड्याच्या जुन्या तुकड्याने पुसली. प्रमिलाने एका हाताने पोळी टाकली आणि दुसऱ्या हाताने शिलाई मशिनच्या तेलाची कुपी पुढे केली. दोन थेंब माझ्या सांध्यात गेले. असं सुख मला जळगाव सोडल्यापासून मिळालं नव्हतं. भागाबाईने पातं बोटाने ढकललं, अगदी माळ्यावर ढकललं होतं तसंच.

"फिर माय," ती हळूच म्हणाली.

कुणी मला 'माय' म्हटल्यावर मी थांबेन का? बटण दाबताच मी अशी फिरले, की मधल्या खोलीत शिरलेला धूरही वळून परत आला आणि मुकाट माझ्या अंगावरून बोळात गेला. झुलालची शेळी बिचारी कधीचीच दूर जाऊन बसली होती.

माणसं जेवली. कुणाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. नाना पानापानावरून फिरून डोळे बघत होते, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. मंजुळाबाईने पदर खाली घेतला, एक पोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली. मग देवीला हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की कानबाई अक्काच्याच घरी बरी दिसते. म्हणायला तिला जड गेलं, पण म्हणाली. त्याबद्दल तिला माझ्याकडून पूर्ण गुण.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकू नका, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी त्यापुढचं सांगते. ठेवलीत, तर तिला कामाला लावा. माळ्यावर ठेवून तिच्यावर उपकार करू नका. आणि कामाला लावलीत, तर तिला पुसा. आम्हाला कौतुक आवडतं, मी नाही म्हणणार नाही. पण कौतुकाने चिकटा निघत नाही, त्याला फडकंच लागतं.

हे अभिमनला कोण सांगणार? तो ओट्यावरून आत आला होता. मंजुळाबाईने त्याला सांगितलं, की माझ्याही घरी फोडणीचा धूर कोंडतो, मलाही अशी एक मोटर बसवून दे. झालं. अभिमनचे हात कमरेवर गेले, मान वर झाली. काकू, हे सोपं नाही, याला डोकं लागतं, असं तो म्हणाला आणि पाहुण्यांकडे बघून हसला.

स्वयंपाकघराच्या दारात भागाबाई उभी होती. कोपरापर्यंत काळी, हातात ते काळं फडकं. सगळं घर तिच्याकडे बघू लागलं. तिने माझ्याकडे बोट केलं आणि लेकाला म्हणाली,

"अभिमन, तिनी पाठ घरकडे शे, तरी ती समदा धूर भायेर काढस. तुन्हं घरकडे तोंड शे, आन तू नुसता बोलस. चाल, फडकं ले."