दुसरी हाक

पिठाच्या डब्याचं झाकण थरथरलं.

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. लाइट गेलेली, पंखा थांबलेला, ऋषी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला. पिंपळवंडीजवळच्या आमच्या वस्तीवर या वेळेला कुत्रंही भुंकत नाही. त्या शांततेत झाकणाची बारीक किणकिण झाली आणि डब्यावर ठेवलेल्या फोनमधून माझे सासरे म्हणाले,

“हाय गं.”

त्यांना जाऊन आज एकोणीस दिवस झाले.

ऋषी झोपेतच हसला. मी त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. चार वर्षांचं पोर; तो झोपतो तेवढाच वेळ माझा. त्या वेळात मला रिपोर्ट लिहायचा आहे. उद्या सकाळी रिपोर्ट आणि चाचणीचे दोन्ही फोन पुण्याला जायचे आहेत. पण रोज या वेळेला आबा बोलतात, आणि मग माझ्या हातून दुसरंच काहीतरी लिहून होतं. आजचं हे तसंच.

ऋषी झाला तेव्हा मी पुण्याची नोकरी सोडली होती. यंदा, २००७ च्या उन्हाळ्यात, त्याच कंपनीनं घरबसल्या काम दिलं. चाचणीचे दोन फोन. बाहेरून जुळी भावंडं. फरक आत, कर्नलमध्ये, म्हणजे सगळा फोन ज्याच्यावर चालतो त्या गाभ्यात. एकात मोनोलिथिक कर्नल: स्क्रीन, आवाज, सिग्नल, कॅमेरा, सगळं एकाच गाभ्यात कोंबलेलं. दुसऱ्यात मायक्रोकर्नल: गाभा एवढासाच, बाकीचे सगळे भाग आपापल्या बंद खोल्यांत, आणि एकमेकांशी बोलायचं तर गाभ्यामार्फत निरोप पाठवायचा. कोणता वेगवान, हे मी मोजून सांगायचं.

सासूबाईंना, म्हणजे ठकूबाई आत्यांना, हे मी लसूण सोलता सोलता सांगितलं होतं. त्यांनी एका दमात निकाल लावला.

“म्हंजी एक एकत्रातलं घर, आन एक वाटण्या झालेलं.”

“तसंच, आत्या.”

“मग त्यात मोजायचं काय? एकत्रात मीठ संपलं तर हात लांब केला की मिळतं. वाटणीत निरोप धाडा, कडी वाजवा, वाट बघा. उशीर व्हनारच.”

“पण एकत्रात एक बिघडलं की सगळा फोन बंद पडतो.”

“पडनारच की. एकत्रात एकीनं डोक्यात राख घातली का साऱ्या घराची चूल बंद. वाटणीत तसं नाय. ह्या खोलीत मानूस मरून पडलं तरी त्या खोलीत भाकरी थापत्यात.”

ओट्यावर बसलेले आबा हसले. “हिला लई अनुभव. हिलाच धाडा पुण्याला.”

हौशीराम त्यांचं नाव. बोलणं कमी, पण आवाज असा की दोन शेतं ओलांडून जायचा. उसात बिबटे यायला लागल्यापासून आमच्याकडे एक रीत आहे, ती त्यांनीच घालून दिली. उसात एकटं माणूस असलं की घरून तासातासाला हाक मारायची. दोनदा. पहिली, “हाय का?” आतून उत्तर येतं, “हाय गं.” मग दुसरी, “कुठवर?” त्यावर ज्या सरीत असेल ती सरी सांगायची. एका हाकेवर कधी थांबायचं नाही.

“पहिलीला सवयीनं कोनीबी ओ देतं,” आबा म्हणायचे. “झोपेतबी देतं. दुसरीला डोकं जाग्यावर लागतं.”

आवाजाच्या चाचणीसाठी मी त्यांचाच आवाज भरून घेतला. घरातल्या माझ्या फोनवरून निरोप सोडला की चाचणीच्या फोननं तो घ्यायचा आणि मोठ्यानं “हाय गं” म्हणायचं. निरोप पोहोचल्यापासून आवाज फुटेपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा उलट माझ्याकडे यायचा. दोन्ही फोन आळीपाळीनं आबांच्या बंडीच्या खिशात जायचे. त्यांना मौज वाटायची. “मी न बोलताच बोलतोय राव,” म्हणायचे.

एकसंध फोन एकशे ऐंशी मिलिसेकंदांत ओ द्यायचा. वाटणीवाला तीनशे दहाच्या खाली येईना. मी निरोपांचा आकार कमी केला, रांगा बदलल्या, नाही म्हणजे नाही. प्रत्येक खोलीची कडी वाजवण्यात वेळ जात होता.

आणि हळूहळू एक झालं. मी तोंडानं हाक मारायची सोडली. बटण दाबलं की उसातून “हाय गं” यायचंच. दुसरी हाक राहू लागली. आबांनी एकदा टोकलंही. “पोरी, कुठवर म्हनून इचारीत नाईस आताशी.” मी म्हटलं, “इचारते ना आबा, उद्यापासून.”

त्या दिवशी वाटणीवाला फोन त्यांच्याकडे होता. ते उसाला पाणी देत होते. तीन वाजून दहा मिनिटांनी मी बटण दाबलं. उसातून खणखणीत आवाज आला, “हाय गं.” आणि माझ्या स्क्रीनवर आकडा आला: एकशे चाळीस.

मी टुणकन उठले. ऋषीला उचलून गरकन फिरवलं. मग त्याला दूधभात भरवला, तीनदा आकडा तपासला, पुण्याला मेल केली. चारची हाकही राहिली. उसाकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाच वाजता आत्या चहा घेऊन गेल्या. आबा सहाव्या सरीत पालथे पडले होते. खिसा पाण्यात.

डॉक्टर म्हणाले, झटका तीनच्या आसपास आला असावा. पुढे अर्धा तास तरी जीव असेल.

रात्री घर माणसांनी भरलेलं असताना आत्यांनी मला एकच विचारलं. “दुपारी हाक मारली व्हतीस ना? दोनदा?”

मी म्हटलं, “व्हय.”

दहावा झाल्यावर मी फोन उघडून आतली नोंद वाचली. पाणी शिरून तीन वाजून चार मिनिटांनी स्क्रीनचा भाग मेला होता. मग कॅमेरा. मग बटणं. सिग्नल आणि आवाज तेवढे जिवंत राहिले. बाकी कुणाच्या कड्या वाजवायच्या नव्हत्या, कुणासाठी थांबायचं नव्हतं, म्हणून उत्तर इतकं लवकर आलं. दुसरा फोन खिशात असता तर स्क्रीनबरोबर सगळाच बंद पडला असता. उसातून उत्तर आलं नसतं. आणि मी धावले असते.

रोजच्या बोलण्याचंही कारण मला सापडलं. आवाजाच्या भागाला ‘ऐकलं’ अशी पोच हवी आहे. ती देणारा स्क्रीनचा भाग मेलेला. पोच नाही आली की आतला पहारेकरी आवाजाला पुन्हा उठवतो, आणि तो तेच उत्तर पुन्हा देतो. फार वेळा झालं की एक दिवस थांबतो, मग त्याच वेळेला परत. हा नियम मीच लिहिलाय. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. फक्त बॅटरी आतापर्यंत संपायला हवी होती. त्या दिवसानंतर मी तो फोन चार्जिंगला लावलेला नाही.

सकाळी पुण्याहून आमच्या टीमच्या साहेबांचा फोन आला होता. फार खूश. “अक्षदा, अहो एकशे चाळीस! मायक्रोकर्नलनं मोनोलिथिकला मागं टाकलं! कसं केलंत? तोच आकडा पुन्हा काढून दाखवायचाय.”

पुन्हा काढायचा तर काय काय मारावं लागेल, ते मी मनात मोजत राहिले.

आता रिपोर्टमधल्या त्या चौकटीत मी काय लिहू? आकडा खरा आहे. मी लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मग त्याच्यापुढे लिहिलं: या वेळी फोन ज्याच्याकडे होता तो माणूस उत्तर देण्याच्या अवस्थेत नव्हता. चाचणी करणाऱ्या व्यक्तीला हे कळलं नाही.

पेन ठेवलं तर दारात आत्या उभ्या होत्या. हातात चार्जरची वायर.

“उद्या न्हेनार का त्येला?”

“व्हय, आत्या.”

त्यांनी वायर बोटांभोवती गुंडाळली. “रोज ऐकते मी. एकच उत्तर देत्यात. त्यांना मारायची दुसरी हाक राह्यलीय कोनाची तरी.”

मांडीवर ऋषी होता म्हणून मला उठता आलं नाही. नाहीतर पाय धरले असते. बसल्या जागीच बोलले. “माझीच, आत्या. मी एकदाच विचारलं. तेही बटणानं. तुमाला खोटं सांगितलं.”

त्या आत आल्या. मग डब्यापाशी गेल्या आणि फोनवर, आबांच्या खांद्यावर ठेवत तसा, हात ठेवला.

“मला ठाव व्हतं,” त्या म्हणाल्या. “दोनदा हाक आली असती तर मी घरात ऐकली असती ना.”

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग फोनकडे वाकून, अगदी हळू, त्यांनी विचारलं, “कुठवर?”

काही आलं नाही. बाहेर उसाची पानं घासत होती. झाकण एकदाच, बारीक, किणकिणलं. आणि फोन म्हणाला, “हाय गं.”

आजचं बोलणं तर होऊन गेलं होतं. पुढचं उद्या तीन वाजून दहा मिनिटांनी यायला हवं होतं. मी हिशेब मांडत राहिले, आणि मांडीवरून डोकं उचललं गेलं. ऋषी उठून बसला होता. गालावर माझ्या साडीच्या चुण्या उमटलेल्या, डोळे अजून अर्धे झोपेत. त्यानं डब्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

“आई, आबा रोज हाय म्हनत्यात. मग तू त्यांना आनाया का जात नाय?”