कागदावर बुजलेली विहीर

मी तरसालीच्या शिवारातली एक विहीर बोलतेय. सरकारी कागदात मी बुजलेली आहे, तेव्हा माझं ऐकायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

मला दामोदरपंतांच्या वडिलांनी खणवलं. माती सारखी ढासळायची, खणणारे मेटाकुटीला आले होते. मग एके दिवशी झरा असा फुटला की माणसं चिंब होऊन हसतच वर आली. तेव्हापासून मी कधी आटले नाही.

आमच्या संस्थानच्या महाराजांनी गावोगाव वाचनालयं काढली त्या सुमारास पंतांनी जमीन विकायला काढली. पूर्वेचा लहान तुकडा नागरवाड्यातल्या विमलाबाईंनी घेतला. त्यांचे यजमान सरकारी दप्तरात कामाला होते. ते गेल्यावर बाईंना भाजीचा मळा करून पोट भरायचं होतं. खरेदीखतात त्यांनी माझ्या पाण्याचा निम्मा हिस्सा लिहून घेतला, त्याची खरी किंमत मांडली आणि तिच्यावरचा स्टँपही पुरता भरला. एवढं खरं कोणी लिहितं का, म्हणून कारकून हसला. बाई म्हणाल्या, आमच्या घरात हीच रीत आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात पाणी शेंदताना त्यांची पितळी कळशी सुटून माझ्या तळाशी गेली. लग्नातली, काठावर त्यांचं नाव कोरलेली. काढू सावकाश, असं म्हणत राहिल्या.

मग उरलेली जमीन, माझ्यासकट, जयसिंगरावांनी घेतली. त्यांच्या वकिलाने युक्ती सांगितली की विहीर बुजलेली दाखवा. जमीन कोरडवाहू ठरेल, किंमत उतरेल, म्हणजे स्टँपही उतरेल. झालं! माझ्या तोंडावर फळ्या टाकल्या आणि वर कडब्याची गंज रचली. पाहणीला आलेले साहेब त्याच गंजीच्या सावलीत बसले. तहान लागली तेव्हा त्यांना तांब्याभर पाणी दिलं, तेही आदल्या दिवशी माझ्यातूनच काढलेलं. "पाणी मीठुं छे," म्हणाले, म्हणजे गोड आहे, आणि विहीर नाही असं लिहून गेले. माझा नुसता जळफळाट झाला, पण विहिरीने रागावून करायचं काय?

साहेबांची पाठ फिरली तशी गंज हलली आणि माझ्यावर मोट सुरू झाली. बाई घागर घेऊन आल्या, तेव्हा जयसिंगराव अगदी नम्रपणे म्हणाले, "काकी, विहीरच नाही, तर हिस्सा कसला?"

बाईंनी कचेरीत खेटे घातले. चपला झिजल्या तेव्हा कुठे तेच साहेब पुन्हा आले. बाईंचं एकच मागणं होतं. "गळ टाका. माझ्या नावाची कळशी वर आली तर विहीर आहे म्हणा."

मोटेचं चाक कुरकुरत होतं. पाटाचं पाणी साहेबांच्या बुटांपर्यंत आलं होतं. पाय मागे घेत ते म्हणाले, "बेन, जी विहीर दप्तरात नाही, तिच्यात गळ टाकायचा हुकूम मी कसा काढू?"

बाईंची वांगी वाळून गेली. ज्यांनी माझं मोल भरलं त्यांची घागर कोरडी, आणि ज्यांनी बुडवलं त्यांचा ऊस डोलतोय. वर साराही कोरडवाहूचाच. हल्ली बाई बांधापर्यंत येतात, मोटेचा आवाज ऐकतात आणि माघारी जातात.

कधी इकडे आलात तर कागद आणू नका, ते पुष्कळ झाले. गळ आणा. कळशी मी सांभाळून ठेवली आहे, आणि तिच्यावरचं नाव अजून वाचता येतं.