शेवटची सोळा पानं

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर पुस्तकं शिवली आणि एकही वाचलं नाही. "आचाऱ्याचं पोट वासानेच भरतं," असं म्हणायच्या. आमचं बाइंडिंगचं दुकान खाली, घर वर, मध्ये चौदा पायऱ्या. त्याच पायऱ्यांवरून त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, नवा सांधा बसवला, आणि त्यांनी अंथरूण धरलं ते सोडेनात. डॉक्टरीणबाईंनी मला दाराबाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, "महिन्याभरात चालल्या नाहीत, तर पुढे चालणारच नाहीत." दुखत फारसं नव्हतं. भीती बसली होती.

पडल्या पडल्या त्या उंटावरून शेळ्या हाकायच्या. खळ पातळ झाली असेल, दोरा ओढून घे, पुठ्ठा वाळू दे. शेवटी मी वैतागून खराब प्रतींच्या ढिगातली एक कादंबरी त्यांच्या हातात कोंबली. निदान तेवढा वेळ शांतता.

गोष्ट साहसाची होती. नकाशे काढणारा एक माणूस पाय मोडून वाळवंटात एकटा पडतो. त्याचा कुत्रा पुढे चालतो आणि हा मागे फरफटत, असे चाळीस दिवस. शेवटी चौकीचा दिवा दिसतो, कुत्रा भुंकतो, संपलं.

तिसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या मला वर वॉकरची टकटक ऐकू आली. धावत गेले तर सासूबाई दारापाशी, घामाघूम. "आजचा पहिला दिवस," त्या म्हणाल्या. "तो मोडक्या पायाने चालतो, माझा तर नवाकोरा आहे." बाराव्या दिवशी त्या ओट्यापर्यंत पोचल्या. येईल त्याला कुत्र्याचं कौतुक. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली.

खरी अडचण वेगळीच होती. ते पुस्तक अपुरं होतं, आणि चूक माझी होती. आम्ही सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतो. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर काळी खूण असते, आधीच्यापेक्षा जरा खाली. मधला एखादा राहिला तर खुणांच्या शिडीत खिंडार दिसतं. शेवटचा राहिला तर काहीच दिसत नाही. मी खिंडारच शोधत बसले आणि चाळीस प्रती तशाच शिवल्या गेल्या.

त्या राहिलेल्या सोळा पानांत चौकीवरचा अधिकारी सांगतो की कुत्र्याचा पट्टा पहिल्याच मुक्कामावर सापडला, हाडांशेजारी. नकाशावाला वाद घालत नाही. दाराबाहेर पाण्याची वाटी ठेवून झोपतो. सकाळी वाटी रिकामी असते. लेखक एवढंच म्हणतो की त्या उन्हात वाटी आपोआपही सुकते.

मी तोंडात मूग धरून बसले. खोटं बोलले नव्हते, पण खरंही बोलले नव्हते. आमच्या घरात दोन्हीला शिक्षा एकच.

एकोणिसाव्या दिवशी सासूबाईंनी हाक मारली. "अगं, पहिल्या पानामागे छापलंय, पृष्ठं तीनशे छत्तीस. हे तीनशे वीसला संपतं. एक फर्मा कुठंय?"

माझी पाचावर धारण बसली. "खाली आहे, आई."

"तू वाचलास?"

"हो."

"तो नकाशावाला मरतो?"

"नाही."

"मग आण."

भिंग धरून त्यांनी सगळं वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. संध्याकाळी टकटक नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मी लेखकाला, स्वतःला आणि खरेपणाला, तिघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या. दुपारी हाक आली.

"कुत्रा होता की नव्हता? तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, नव्हता."

"मला वाटतं, होता. पण समज, नव्हता. तो अधिकारी पट्टा धरून बसलाय, पण चाललं कोण? माणूस चौकीवर पोचला ना? तेवढं तर त्यालाही कबूल आहे." मग फर्मा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "हा पुस्तकाबाहेर ठेवायचा नाही. शिवून टाकू."

"सुई-दोरा वर आणते."

"पुस्तक काय मांडीवर शिवतात? शिवायची चौकट खाली आहे."

मी पुढे, उलटी उतरत, दोन्ही हात पसरून. त्यांच्या एका हातात कठडा, दुसरा माझ्या खांद्यावर. सातव्या पायरीवर त्या थांबल्या. इथूनच पडल्या होत्या.

"बसता का जरा?" मी विचारलं.

"सरक. वाट अडवतेस."

चौदावी पायरी उतरल्या तेव्हा मला रडू आवरेना. "तुम्ही चालायचं सोडाल, या भीतीने लपवलं हो, आई."

"सोडलंच होतं की काल," त्या धापा टाकत म्हणाल्या. "लपवलंस ते कळतं मला. पण फर्मा कमी आणि तुझ्या हाताला कळलं नाही? असलं काम, माझ्या दुकानात?" त्यांनी माझी खुर्ची ओढून घेतली, बसल्या, खळीचं भांडं हुंगलं. "ही फेक, आंबलीय. बाकीच्या एकोणचाळीस प्रती काढ. उद्यापासून मी दहाला खाली येतेय."